लघवीतले जंतू आणि उतारवय

आजचा विषय चारचौघांत बोलण्यासारखा नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. परंतु या लाजेपायीच घरातली वडील माणसे त्रास दडवितात, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी तोडतात. तेव्हा बोललेले बरे.

लघवीतले जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले असतात. १८८५ साली एशेरिख यांनी ज्याचे वर्णन केले तो ई. कोलाय त्यांतला मुख्य. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, त्यामुळे त्याला वर चढणे सोपे. पाळी गेल्यावर तेथील अस्तर पातळ होते आणि राखण करणारे निरुपद्रवी जंतू कमी होतात. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, आणि साचल्या लघवीत जंतू ठाण मांडतात.

खरा घोटाळा पुढेच आहे. बोस्टनच्या एडवर्ड कास यांच्या १९५६ मधील कामामुळे मिलिलीटरमागे एक लाख जंतू हा आकडा रूढ झाला. पण एवढे जंतू असूनही माणसास काहीएक त्रास नसतो, असे म्हातारपणी वारंवार दिसते. सत्तरीपुढील स्त्रियांत दहांत एकीला तरी. हा रोग नव्हे, नुसती वस्ती होय. तिच्यावर औषध देऊ नये, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली पुन्हा सांगितले. औषधाने जंतू जातात, काही दिवसांनी परततात, आणि परततात ते पुष्कळदा त्याच औषधाला न जुमानणारे! मग खऱ्या दुखण्याच्या दिवशी हाती काय उरणार?

खरे दुखणे कोणते? लघवीला नव्याने जळजळ, वरचेवर घाई, थंडी वाजून ताप, कुशीत कळ. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आजोबा एकाएकी बरळू लागले तर मात्र सगळा दोष लघवीवर टाकू नये. पाणी कमी पडले काय, शौचास झाली काय, नवी गोळी सुरू झाली काय, साखर उतरली काय, हेही पाहावे लागते. बरळण्याबरोबर ताप असेल तर थांबूच नये.

आणि तपासणीचा नमुना घरच्या मुरंब्याच्या बाटलीतून पाठवू नका. प्रयोगशाळेची स्वच्छ डबी आणावी, पहिली धार सोडून मधली धरावी, आणि दोन तासांच्या आत पोचवावी. उन्हाळ्यात दुपारपर्यंत राहिलेल्या डबीत जंतू वाढतात ते डबीतच, रोग्यात नव्हे.