शेर, वाटी आणि ग्रॅम : जुन्या पाककृतींतील मापांचा घोळ

जुन्या घरगुती वहीतील पाककृती तंतोतंत करूनही पदार्थ बिघडतो, तेव्हा दोष पुष्कळदा 'शेर' या शब्दाचा असतो. हा शब्द दोन भिन्न मापांसाठी वापरला जात असे. गूळ, साखर, तूप तराजूने तोलले जाई. तोलाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा होता. धान्य मात्र माप भरून दिले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. हा शेर आकारमानाचा आणि तोही गावोगाव वेगळा.

सर्व जिन्नस तोलाचेच असतील, तर शेराला किलो मानले तरी परस्परप्रमाण टिकते. परंतु तांदूळ मापाने आणि गूळ तोलाने घेतलेला असेल, तर दोहोंना एकच आकडा लावणे महागात पडते. गूळ अधिक झाला की अनारसा तुपात 'हसतो', हे सुगरणींना ठाऊकच आहे.

1956 च्या कायद्यानंतर, 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली. शब्द मात्र मागे राहिले. भाजीबाजारात आज 'पावशेर' म्हणजे 250 ग्रॅम. मूळचा पावशेर 233 ग्रॅमचा होता. नवटाक त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे 117 ग्रॅम.

कमलाबाई ओगले यांच्या 1970 सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रूढ केले. वाटी लहान असो वा मोठी, सारे त्याच वाटीने मोजले की शिरा जमतो. ही युक्ती केकपाशी मात्र अडते. अंडी नगावर मोजली जातात. ती वाटीबरोबर लहानमोठी होत नाहीत. तेथे कपाचा खरा आकार कळावाच लागतो. बाजारातील मापाचा कप बहुधा 240 मिलिलिटरचा असतो. त्यात साखर सुमारे 200 ग्रॅम मावते, तर मैदा जेमतेम 120 ते 125 ग्रॅम. दाबून भरला तर बराच अधिक. लहान चमचा 5 मिलिलिटरचा, मोठा 15 चा. ऑस्ट्रेलियातील पुस्तकांत मात्र मोठा चमचा 20 मिलिलिटरचा धरतात.

घरातील वाटीचे माप काढणे सोपे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील, जवळजवळ तितकेच मिलिलिटर तिचे आकारमान.