सूर्यास्तापूर्वीची पंगत आणि मंद आचेचे भांडे

वैशाख लागला की आपल्या घरांत पाहुण्यांचा राबता वाढतो. वर्षीतपाची पारणी, लग्नकार्ये, सुट्टीला आलेल्या माहेरवाशिणी. चौविहार पाळणाऱ्या घरी ही सारी मंडळी सायंकाळी सहाच्या आत पानावर बसावी लागतात. साहजिकच गोडाची तयारी दुपारच्या ऐन रणरणत्या प्रहरी येते. दिवाणखान्यात गप्पा रंगतात आणि घरची सून शेगडीपुढे उभी असते. वर्षाने आलेल्या नणंदेशी तिचे निवांत बोलणे होते ते निरोपाच्या वेळी. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

‘स्लो कुकर’ हे विजेचे भांडे येथे उपयोगी पडते. त्याचा जन्मही सूर्यास्ताशीच जोडलेला आहे. शुक्रवारचा सूर्य मावळल्यानंतर सनातनी यहुदी कुटुंबांत चूल पेटवत नाहीत. म्हणून लिथुआनियात घरोघरची भांडी आधीच बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवली जात. आईकडून ऐकलेल्या या प्रथेवरून अमेरिकेतील अर्व्हिंग नॅक्सन यांना विजेच्या भांड्याची कल्पना सुचली आणि 1940 मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

साडेतीन लिटरचे भांडे साधारण 200 वॉट वीज घेते. तीन तास चालविले तरी खर्च सुमारे पाऊण युनिटाच्या आतच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे मोजल्याशिवाय राहवत नाही.

पंधरा माणसांसाठी अननसाचा गोड पदार्थ सर्वांत सोपा. दोन मोठे अननस सोलून, डोळे व मधला दांडा काढून दीड किलो फोडी घ्याव्यात. त्यात 300 ग्रॅम साखर, चार लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा आणि चिमूटभर केशर घालावे. पाणी मुळीच घालू नये, कारण या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही आणि फळाला स्वतःचेच पाणी पुष्कळ सुटते. सकाळी अकराला ‘हाय’वर लावले की दोनच्या सुमारास फोडी मऊ व पारदर्शक होतात. मधूनमधून झाकण उघडून पाहण्याची आपली सवय मात्र येथे आवरावी; प्रत्येक वेळी उष्णता निघून जाते आणि ती भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रस पातळ वाटला तर शेवटच्या अर्ध्या तासात झाकण थोडे कलते ठेवावे.

पदार्थ निवल्यावर मातीच्या भांड्यात काढून थंड करावा आणि वाढताना वर सकाळीच करून ठेवलेली गार बासुंदी घालावी. कच्चा अननस दुधात कडवट लागतो, शिजल्यावर तो दोष जातो; आंबटपणा तरीही उरतो, म्हणून दोन्ही एकत्र तापवू नयेत.

आंब्याचेही असेच करता येते, पण हापूस या भांड्यात घालणे म्हणजे त्याचा अपमान. तासन्‌तास शिजवून त्याचा सुगंध घालवायचा कशाला? घट्ट गराचा तोतापुरी घ्यावा, वेलदोडा घालावा आणि दोन तासांत थांबावे. वर कुरकुरीत थर हवा असेल तर तो भांड्यात होणार नाही. रवा व ओले खोबरे साजूक तुपात वेगळे परतून आयत्या वेळी भुरभुरावे. ज्यांच्या घरी आर्द्रा नक्षत्रानंतर आंबा वर्ज्य असतो, त्यांना हा प्रयोग 22 जूनच्या आसपासपर्यंतच करता येईल.

परदेशी पाककृतींत फळांबरोबर मध, अंडी, जिलेटीन सर्रास सांगितलेले असते. मधाऐवजी गूळ, दाटपणासाठी थोडे कॉर्नफ्लोअर एवढ्याने काम भागते. अनेक घरांत फाल्गुनी चौमासीनंतर सुकामेवाही घेत नाहीत, तेव्हा सजावटीसाठी डाळिंबाचे दाणे बरे.

राहिला प्रश्न उरण्याचा. ओलसर पदार्थ दुसऱ्या दिवशी न खाण्याचा नियम पाळणाऱ्यांनी माणशी शंभर ग्रॅम फळ धरून मोजूनच करावे. तरीही उरलेच, तर साडेपाचलाच वाटी भरून शेजारी आणि दुकानातल्या माणसांकडे पाठवावी. ती बहुधा रिकामी होऊनच परत येते.