कपाटातली पेटी कोण उघडणार?

दोस्तांनो, तुमच्या शाळेत पेटी आहे का? कंपासपेटी नव्हे हं! बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. जरा शोधून पाहा. पुष्कळ शाळांत ती असते, पण कपाटात. गॅदरिंगच्या आधी आठ दिवस ती बाहेर येते, स्वागतगीत होतं आणि कपाट पुन्हा बंद. वेळापत्रकात संगीताचा तास असतो खरा. पण गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचाच!

“त्यात काय बिघडलं? ज्याला आवड असेल तो क्लासला जाईल,” असं कुणी म्हणेल. पण क्लासची फी सगळ्यांच्या घरी परवडत नाही. एखाद्याचा गळा गोड आहे, एखादीच्या बोटांत ताल आहे, हे शाळेत कळलं नाही तर कदाचित कधीच कळायचं नाही.

मग शाळेतलं संगीत जपायचं कुणी? एकट्या बाईंनी? की आपण सगळ्यांनी? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

१८७२ साली कुरुंदवाडला एक मुलगा जन्मला. नाव विष्णू दिगंबर पलुसकर. लहानपणी तोंडावर फटाका उडाला आणि त्याची दृष्टी अधू झाली. शाळा सुटली. मग तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. त्या काळी मोठं गाणं असायचं ते राजेरजवाड्यांच्या दरबारात. गवयाचं पोट राजाच्या मर्जीवर! पण मोठेपणी विष्णुबुवांना वाटलं, गाणं चारचौघांच्या मुलांनाही शिकता आलं पाहिजे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोर आता पाकिस्तानात आहे, बरं का! हे विद्यालय कुणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या जलशांच्या कमाईवर चालायचं. गरीब शिष्य तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे. संगीताची पुस्तकं छापायला छापखानासुद्धा होता.

१९०८ मध्ये बुवा मुंबईला आले. इथेही विद्यालय उभं राहिलं, मोठी इमारत झाली. पण तिच्यापायी कर्ज झालं आणि शेवटी इमारतीचा लिलाव झाला. १९३१ साली बुवा गेले. झालं, संपलं सगळं? छे! त्याच वर्षी त्यांचे शिष्य एकत्र आले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीला मुलं ‘प्रारंभिक’ आणि ‘प्रवेशिका’च्या परीक्षांना बसतात ना, त्या या मंडळाच्याच! इमारत गेली, पण माणसं उरली होती. म्हणून गाणं उरलं.

अशी माणसं आपल्याकडेही आहेत. कल्याण गायन समाज १९२६ सालचा! थोर गायक भास्करबुवा बखले यांना लोक ‘देवगंधर्व’ म्हणत. त्यांच्या आठवणीसाठी हा समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. ठाण्यात महापालिका पंडित राम मराठे यांच्या नावानं संगीत महोत्सव करते. १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटात छोटा कृष्ण झाले होते, तेच हे राम मराठे! आणि डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं १९९९ साली सुरू केलेली गुढीपाडव्याची शोभायात्रा तर सगळ्या महाराष्ट्रात गाजली. लेझीम, ढोल-ताशे, झांजा. काय थाट असतो तो!

आता सांगा, एवढं गाणं-बजावणं ज्या गावांत आहे, तिथल्या शाळेतली पेटी मुकी का राहावी?

वाद्याचं एक विचित्र असतं. वाजवल्यानं जेवढं बिघडत नाही, तेवढं नुसतं ठेवून बिघडतं. पेटीच्या भात्याला भोक पडलं की हवा निसटते आणि सूर दमतो. आतल्या पितळी पट्ट्यांवर धूळ बसली की एखादा स्वर अडकतो. कपाटात उंदीर शिरला तर विचारूच नका! तबल्याचं तर चामडंच असतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते सैल पडतं आणि आवाज उतरतो. मग हातोडीनं गट्टे ठोकून तो पुन्हा सुरात आणावा लागतो. बरेचदा दुरुस्ती छोटीच असते, पण ती करायची कुणी, हेच ठरत नाही.

गणपतीत आपण दारोदार वर्गणी मागतो ना? मग पालकांच्या सभेत पेटी-तबल्याच्या दुरुस्तीचा विषय का निघू नये? सगळ्यांनी पैसेच द्यायला हवेत असंही नाही. तुमच्या सोसायटीतले एखादे काका रोज लोकलमध्ये झांज वाजवत भजन म्हणत असतील. एखाद्या आजी भजनी मंडळात पेटी वाजवत असतील. कुणाची ताई ‘विशारद’ झालेली असेल. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर त्यांनी एक तास दिला तर? तो एक तास त्यांना जड नाही, पण शाळेला फार मोठा आहे. संगीताच्या बाईंचा तास मात्र त्यांचाच राहू द्या हं. मदत म्हणजे बाईंना हातभार, त्यांना सुट्टी नव्हे!

आणि तुम्ही? तुमच्याकडे तर सगळ्यात सोपं काम आहे. शाळेतली वाद्यं मोजा. कुठलं वाजतं, कुठल्याला काय झालंय, ते वहीत लिहा. आपल्या गल्लीत कोण काय वाजवतं, त्याचीही यादी करा. दोन्ही याद्या घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. एकटे नको, चौघं-पाच जण मिळून जा.

सुरुवात मात्र एका साध्या प्रश्नानं करा. येत्या सोमवारी प्रार्थना झाली की विचारा, “बाई, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”