जालन्याचं बोधचिन्ह काढायचं तर?

हंगेरीत प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचं बोधचिन्ह असतं. आपल्या जालन्याचं काढा म्हटलं, तर वर्गात बहुतेकांनी मोसंबी काढली. बरोबरच आहे, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. एकाने कुंडलिका काढली, तीही कोरडी!

भोकरदन मात्र कुणालाच सुचलं नाही. जिल्हा १ मे १९८१ चा, तालुके आठ, एवढं पाठ; म्हणून मुलांना वाटतं, आपला इतिहासही तेवढाच. अहो, भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन! तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत निघाली, आणि ते शहर इ.स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. आधी नकाशावर ही दोन्ही ठिकाणं दाखवा, मग पुन्हा चित्र काढायला सांगा.