‘आवोन’ शब्द आणि पापफलविषयक वचनांतील विरोध

हिब्रू बायबलातील पापफलविषयक वचनांत एक विरोध पूर्वापार दाखविला जातो. निर्गमाच्या २० व्या अध्यायात पित्याच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते. यहेज्केलच्या १८ व्या अध्यायात मात्र पुत्र पित्याच्या अपराधाचा भार वाहत नाही.

दोन्ही ठिकाणी मूळ शब्द ‘आवोन’ हाच आहे. दुष्कृत्य, त्याचा दोष आणि त्याचे शासन हे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. म्हणूनच उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायातील काइनाच्या उद्गारात काही भाषांतरकारांना ‘अपराध’ दिसतो, तर काहींना ‘शिक्षा’. मराठीतही ‘पाप भोगणे’ म्हणताना भोगावयाचे असते ते पापाचे फळच. ‘नासा’ म्हणजे ‘उचलणे’ हे क्रियापदही असेच द्व्यर्थी आहे: मनुष्य आवोन उचलतो तेव्हा तो शासन भोगतो, ईश्वर उचलतो तेव्हा क्षमा करतो.

तेव्हा निर्गमात परिणामाचा आणि यहेज्केलमध्ये दोषाचा विचार आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु यहेज्केल प्रत्यक्ष जीवन-मरणाविषयी बोलतो. केवळ शब्दार्थाने विरोध मिटत नाही. त्याचे श्रोते इ. स. पू. ५९७ नंतर बाबिलोनात नेलेले निर्वासित होत. आपण पूर्वजांचेच पाप भोगतो, ही त्यांची तक्रार मान्य केल्यास पश्चात्तापाला अर्थच उरत नव्हता.

तालमुदात दोन्ही मार्ग आढळतात. ‘बेराखोथ’मध्ये पित्याचे आचरण पुढे चालविणाऱ्या पुत्रापुरतेच ते शासन मानले आहे, ‘मक्कोथ’मध्ये मोशेचा निर्णय यहेज्केलने रद्द केला, असे स्पष्ट म्हटले आहे. दुसरा मार्ग विरोध लपवीत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.