बेळ्ळंदूरच्या पाण्यावरची विमाने

कोरमंगल्याचे सांडपाणी ज्या बेळ्ळंदूर तळ्यात मिळते, ते आता फेसामुळे आणि २०१७ साली तिथे भडकलेल्या आगीमुळे देशाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच तळ्यावर कॅटालिना जातीची विमाने दुरुस्तीसाठी उतरत. मी या भागात राहतो. काठावर त्याची खूण सांगणारा साधा फलकही माझ्या पाहण्यात आलेला नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभारली. युद्ध पूर्वेकडे सरकताच, १९४२ मध्ये, केंद्र सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. युद्धानंतर कानपुरात भंगार म्हणून पडलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने इथल्याच कारागिरांनी उडती केली. हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यांतील एक आज पालमच्या संग्रहालयात आहे. इतर काही ब्रिटन-अमेरिकेत गेली.

बंगळुरूत एचएएलचे वारसा संग्रहालय २००१ पासून आहे, आणि ते चांगले आहे. पण ते एका सरकारी कंपनीचे आहे. इंग्लंडमधील टँगमेअर येथे जुन्या हवाई तळावर १९८२ पासून स्वयंसेवकांनी चालवलेले संग्रहालय आहे. अशा संस्थेचे खरे भांडवल म्हणजे गंज खरवडणारे, तिकिटे फाडणारे, आठवड्याचा ठरलेला वार न चुकवणारे हात. विमान मिळवणे त्यामानाने सोपे. उघड्यावरचे विमान दर पावसाळ्यात थोडे थोडे मरते.

भारतात हौस नाही, असे नाही. ‘परशुराम’ हे डकोटा एका भारतीय खासदाराने परदेशी भंगारातून सोडवून २०१८ मध्ये हवाई दलाला भेट दिले. तरी त्याची डागडुजी ब्रिटनमध्ये झाली, हे मला खटकते.

सेवेतून निघालेले विमान आपण चौकातल्या चबुतऱ्यावर चढवतो आणि विसरतो. त्याऐवजी संरक्षण मंत्रालयाने ते नोंदणीकृत न्यासांना दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर द्यावे. सोबत सुटे भाग आणि देखभालीच्या पुस्तिका द्याव्यात. स्वयंसेवकांचा अपघात विमा आणि मालकीचे कागद आधीच स्पष्ट असावेत. आणि ज्यांनी विमाने बांधली, त्या निवृत्त कामगारांना आत जाण्याचा परवाना मिळावा. मारुत विमान १९६१ मध्ये प्रथम उडाले. त्यावर तेव्हा काम करणारा तरुण फिटर आज ऐंशीच्या पुढे आहे.