पाहून ठरवायला वेळ नसतो तेव्हा



कबड्डीचा सामना तुम्ही पाहिला असेलच. चढाईला गेलेला खेळाडू कोपऱ्यापाशी जातो आणि एक पाय झपकन बोनस रेषेपलीकडे टाकतो. त्या वेळी समोरच्या अंगणात सहा किंवा सात बचावपटू असतील आणि चढाई करणाऱ्याचा मागचा पाय हवेत असेल, तर त्याला बोनसचा एक गुण मिळतो. आता कोपऱ्यातला बचावपटू काय करील? तो मागेच राहिला, तर चढाई करणारा एक गुण घेऊन परत येतो. तो पायावर झेपावला आणि चढाई करणारा निसटून मध्यरेषेपर्यंत पोहोचला, तर बोनस आणि स्पर्श मिळून दोन गुण होतात. पकड घट्ट बसली, तर चढाई करणारा बाद होतो आणि समोरच्या संघाला एक गुण मिळतो; पण बोनसचा गुण तरीही कायम राहतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चढाई करणाऱ्याने चाल एकच केली. तिचे फळ कोणते, हे समोरच्याच्या हालचालीने ठरले. मग प्रश्न असा, की समोरचा काय करतो ते आधी पाहून मग चाल का ठरवू नये? याचे उत्तर एका साध्या प्रयोगात मिळते.

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीच्या शून्याच्या खुणेपाशी, पण पट्टीला न लावता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती पकडावी. समजा, तुम्ही ती २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडली. मुक्तपणे पडणारी वस्तू t सेकंदांत ½gt² इतके अंतर पडते, हे तुम्ही शिकला आहात किंवा लवकरच शिकाल. g म्हणजे सेकंदाला सेकंदाला ९८० सेंटिमीटर. म्हणून t² = ४० ÷ ९८० आणि t सुमारे ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने जाणले, स्नायूंना आज्ञा गेली आणि बोटे मिटली, या साऱ्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली, तर वेळ ०.१७५ सेकंद येतो. सरावाने थोडा फरक पडतो, पण हा वेळ शून्य कधीच होत नाही.

आता संगणकावरील लढतीच्या खेळाकडे वळू या. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा १९९१ साली आलेला खेळ अशा खेळांपैकी फार गाजलेला. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत याच मालिकेतील ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकासाठी खेळला गेला. या खेळांत पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात. म्हणजे ०.२ सेकंदात १२ चित्रे निघून जातात. सर्वांत चपळ ठोसा किंवा पकड मात्र तीन-चार चित्रांतच लागू होते. समोरचा ठोसा मारणार की पकडणार, हे पाहून उत्तर देणे माणसाला शक्यच नाही! पट्टी पकडण्यापूर्वीच ती कितीतरी खाली गेलेली असते.

यावर खेळाडूंनी एक युक्ती शोधली. तिला ‘ऑप्शन सिलेक्ट’ म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर ४’ या २००८ सालच्या खेळातील उदाहरण घेऊ. खेळाडू दांडा मागे-खाली ओढून धरतो, म्हणजे त्याचे पात्र बसून बचाव करते. त्याच स्थितीत तो हलका ठोसा आणि हलकी लाथ यांची बटणे एकदम दाबतो. आता समोरच्याने वार केला असेल, तर दांडा मागे असल्यामुळे वार अडवला जातो आणि बटणे निष्फळ ठरतात. समोरच्याने पकड घातली असेल, तर तीच दोन बटणे पकड सोडवण्याची असल्यामुळे पकड सुटते. त्याने दोन्ही केले नसेल, तर बसल्या बसल्या एक हलकी लाथ बसते. खेळाडूने काहीच ओळखलेले नसते. निवड केली ती यंत्राच्या नियमांनी. कोणत्या स्थितीत कोणती आज्ञा मानायची हे त्यात आधीच लिहिलेले असते आणि खेळाडू ते नियम ओळखून आपली आज्ञा रचतो.

मग या युक्तीला तोड नाही काय? आहे. समोरचा खेळाडूही विचार करतो. तो एक वार करतो आणि दुसरा मुद्दाम क्षणभर उशिराने करतो. त्या क्षणी वारही नसतो आणि पकडही नसते, म्हणून आपली हलकी लाथ सुरू होते. लाथ सुरू झाली की बचाव सुटतो आणि नेमका तेव्हाच त्याचा उशिराचा वार येऊन बसतो. शिवाय नियम बदलले की युक्तीही जाते. २०१६ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये बसलेल्या स्थितीतही ती बटणे दाबली की पात्र उठून पकड घालू लागते. त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.

उत्तर कळण्यापूर्वी चाल करावी लागणे हे खेळापुरतेच नाही. आमच्या चाकूर तालुक्यातील शेतकरी दर जूनमध्ये हेच करतो. त्याच्या समोर असतो पाऊस, आणि त्याचे उत्तर कळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा नव्हे, चार महिने लागतात. पेरणी मात्र आधीच करावी लागते. म्हणून अनेकजण सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी पेरतात. सोयाबीन सुमारे १०० दिवसांत निघते, तूर पाच ते सहा महिने घेते आणि तिचे मूळ खोल जाते. पाऊस लवकर संपला, तर सोयाबीन बरेचसे हाती आलेले असते. ऑगस्टमध्ये खंड पडून सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत आणि पाऊस पुढे परतला, तर तूर सावरते. पाऊस चांगला झाला, तर दोन्ही पिके येतात.

पण इथेही मोल द्यावे लागते. तुरीला जागा दिल्यामुळे नुसत्या सोयाबीनइतके सोयाबीन मिळत नाही. आणि या चालीतही भोके आहेत. शेतात पाणी साचून राहिले, तर भिजलेल्या शेंगांत सोयाबीन उगवते आणि तूरही मरते. पाऊसच नसेल, तर दोन्ही पिके जातात. लागोपाठच्या दुष्काळानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी पेरणीची कोणतीही रचना पुरी पडत नाही. तिथे साठवलेले पाणी आणि पीकविमा अशी निराळीच तजवीज लागते.

तेव्हा अशी कोणतीही चाल पारखताना तीन प्रश्न विचारा. समोरची कोणकोणती उत्तरे तिने झाकली? कोणते उत्तर उघडे राहिले? आणि झाकण्यासाठी मोल किती दिले? पट्टीचा प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढा, आणि पुढच्या कबड्डीच्या सामन्यात बोनस रेषेवर पडणाऱ्या प्रत्येक पायाला हे तीन प्रश्न लावून पाहा. समोर पाचच बचावपटू उरले, की तोच पाय टाकणे चूक का ठरते, याचे उत्तर तुम्हीच शोधा.